घडी एकच

रेशमी साडी वर्षातून दोनदा कपाटाबाहेर काढायची, तासभर वाऱ्यावर ठेवायची आणि घडी बदलून परत आत ठेवायची, हे मला आत्याने शिकवलं. माझी आई लवकर गेली. तिच्या दोन इरकली आणि एक पैठणी अजून आत्याच्याच ताब्यात आहेत. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेली साडी त्या रेघेवर विरत जाते, आणि एखाद्या लग्नाच्या सकाळी उलगडताना हातातच टर्रकन फाटते. घडी बदलली की कापडाचा ताण दुसरीकडे सरकतो.

हीच आत्या गेल्या दिवाळीत घडीचा फोन घेऊन आली. मधोमध दुमडणारा, काचेचा, फिकट जांभळा. पावडरच्या डबीएवढा चौकोन हातात धरायचा आणि उघडला की लांबलचक फोन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं आमच्या घरातलं आहे. माझं सोलापुरात नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. शहराच्या पूर्व भागात, आत्याच्या घरामागच्या खोलीत, अकरा मशिनी चालतात. तिथे शाळांचे गणवेश शिवले जातात. फोन मला न विचारता घेतला याचं मला वाईट वाटलं होतं, ते मी तिला सांगितलंही होतं.

एप्रिलच्या एका दुपारी ती तो फोन घेऊन दुकानात आली. बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिने फोन काउंटरवर ठेवला, दोन्ही हातांनी उघडला आणि माझ्या कानाशी धरला.

"ऐकू येतंय? दाणा चिरडल्यागत वाजतंय बघ."

"गड्ड्यात नेला होतास?"

"मग काय घरी ठेवून जाऊ? नंदीध्वज निघाले तेव्हा व्हिडिओ काढला. सातही काठ्या आल्यात त्यात."

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा; तिच्यात होम मैदानावर गेलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. जानेवारीतली कोरडी माती, पाळणे, लाखभर पावलं. संध्याकाळी घरी आलं की नाकातून काळं निघतं. बिजागरीच्या फटीतून ती माती आत बसली होती. तीन महिने रोज उघडमीट होताना ती आतल्या दात्यांवर घासत राहिली. पडद्याच्या मधोमध, घडीच्या अगदी बाजूला, केसासारखी एक हिरवी रेघही उभी राहिली होती.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, हा फोन आपल्या गावासाठी नाही."

"फोन गावासाठी कसा असतो रे? मी माझ्यासाठी घेतला." तिने स्टूल ओढून घेतलं. आता ती लवकर उठणार नाही हे मला कळलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. "तुझ्या पँटीला खिसे किती?"

"चार."

"शर्टाला?"

"एक."

"मी साडी नेसते. मला एकही नाही. आयुष्यभर पैसे कमरेच्या बटव्यात ठेवले, किल्ल्या पदराला बांधल्या. आधीचा तो फळीएवढा फोन कुठे ठेवायचा? हातात. नाहीतर मशिनीवर. मशिनीवरून तो किती वेळा पडला ते तूच मोजलंस, दोनदा काच तूच बसवलीस. हा मिटला की बटव्यात जातो. हा पहिला फोन आहे जो माझ्या अंगावर मावतो. पडदा आत, काच झाकलेली. किल्ल्यांनी चरे पडत नाहीत. तू म्हणतोस दिखाऊ. मला तर हा एकटाच कामाचा वाटतो."

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. दुकानात येणारी बहुतेक माणसं पुरुष, फोन खिशातून काढून देणारी. फोनची लांबी दर दोन वर्षांनी वाढत गेली तेव्हा माझ्या खिशाला ते झेपलं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. पण बिजागरीतली माती समोर होती.

"मावतो हे खरं," मी म्हणालो. "पण उघडायला दोन हात लागतात. आत्ताही तू दोन्ही हात लावलेस. तुझ्या एका हातात कापड असतं, दुसरा मशिनीच्या चाकावर. फोन वाजला की काय करतेस?"

"थांबते."

"एका हाताने उघडणारे दुमडते फोन होते की. बाबांचा आठव."

बाबांचा फोन हे आमच्या घरातलं एक वेगळं प्रकरण आहे. दुमडणाऱ्या फोनचा काळ १९९६ साली मोटोरोलाच्या स्टारटॅकने सुरू केला. त्याच कंपनीने २००४ मध्ये रेझर व्ही-३ आणला आणि जगभर त्या मालिकेचे तेरा कोटींच्या वर फोन विकले गेले. जेमतेम १४ मिलिमीटर जाडी, ९५ ग्रॅम वजन, ॲल्युमिनियमचं अंग आणि धातूच्या एकाच पत्र्यातून कोरलेली, निळी उजळणारी बटणं. त्या सपाटपणासाठी काय काय सोडलं होतं तेही बघण्यासारखं आहे. कार्ड घालायला जागा नाही, आतली साठवण पाच-सहा एमबी, चार्जर आणि इअरफोनला मिळून एकच भोक. चार्जिंग चालू असताना त्याच भोकात इअरफोन कसा लावणार? पण अंगठ्याने एक झटका दिला की तो उघडायचा, आणि मिटताना जो आवाज यायचा त्यासाठी माणसं तो घ्यायची. त्याच धाटणीचे मग कितीतरी कंपन्यांनी काढले. बाबांनी त्यातलाच एक, चंदेरी, जुन्या बाजारातून आणला होता.

बाबा यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटात फोनची रिंग ऐकू यायची नाही, म्हणून तो ते बनियनच्या आतल्या खिशात, छातीला चिकटवून ठेवायचे. थरथर जाणवायची. वरच्या झाकणावर बोटभर खिडकी होती, तिच्यात नाव दिसायचं. महत्त्वाचं असेल तर बाहेर येऊन उघडायचे, नाहीतर नाही. वर्षभराने पडदा पांढरा पडला. झाकणातला पडदा आणि खालचा बोर्ड यांना जोडणारी फ्लेक्स पट्टी बिजागरीतून जाते. ती हजारो वेळा वाकून तुटली होती. दुकान टाकल्यावर मी असल्या पट्ट्या किती बदलल्या याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी एकच जागा, वाकण्याची.

"दादा तो टाकायला तयार नव्हता," आत्या म्हणाली. "आठ महिने नुसता उघडून बोलायचा, कोणाचा फोन आहे ते न बघता. नंबर पाठ होते, अंधारात दाबल्यासारखी बटणं दाबायचा. मी म्हटलं, साधा घे दोन हजाराचा. म्हणाला, हा मिटला की दिवस मिटल्यासारखा वाटतो."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. बाबा गेल्याला सहा वर्षं झाली.

"मला तेच आवडतं," ती पुढे म्हणाली. "तुमचे फोन टेबलावर उताणे पडलेले असतात, सारखे लुकलुकत. बोलणाऱ्याकडे बघायचं सोडून तुम्ही तिकडे बघता. हा मी मिटते म्हणजे मिटते. आणि तू दोन हात म्हणतोस ना? मुख्याध्यापिका व्हिडिओवर कॉलर दाखवा म्हणतात तेव्हा हा अर्धा उघडून मशिनीच्या फळीवर उभा करते. काटकोनात बसतो. दोन्ही हातांनी कापड धरून दाखवते, रंग दाखवते, उलटं करून आतली शिलाई दाखवते. तुझ्या फोनला टेकायला डबा शोधावा लागतो."

हेही खरं. नव्या बिजागरी मुद्दाम घट्ट केलेल्या असतात, कुठल्याही कोनात थांबाव्यात म्हणून. त्या घट्टपणामुळेच एका अंगठ्याने उघडत नाहीत. एक सोय दुसरीच्या बदल्यात मिळते. तक्रार करताना माझ्यासारखा माणूस गेलेलीच मोजतो.

पण मी काउंटरखालून भिंग काढलं आणि तिला फट दाखवली. मातीच्या कणांबरोबर आत पांढरट गुंता होता.

"ही माती गड्ड्याची. हे पांढरं कशाचं?"

ती भिंगातून बराच वेळ बघत राहिली. "सुताचं."

"तुझ्या खोलीतलं. गड्डा वर्षातून एकदा, हे रोज."

मग मी तिला समजावून सांगितलं, कारण हे प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. फोनच्या खोक्यावर आयपी म्हणून दोन आकडे छापतात. पहिला आकडा धुळीचा, शून्य ते सहा. दुसरा पाण्याचा. २०२१ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी झेड फ्लिप-३ ला आयपीएक्स-८ दिला. पाण्याला आठ. धुळीच्या जागी एक्स, म्हणजे धुळीसाठी कुठलाही दर्जा सांगितलेला नाही. २०२४ च्या फ्लिप-६ वर आयपी-४८ आलं. हा चार म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही. कापसाच्या एका तंतूची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी. ज्या गावात यंत्रमागांच्या खोल्यांत हवेतच सूत तरंगतं, जिथे टॉवेल आणि चादरी शेकडो घरांत विणल्या जातात, तिथे तो चार काय अडवणार?

"आणि दोन लाख घड्यांचं?" तिने विचारलं. विकणाऱ्याने तिला ते सांगितलं होतं.

"२०२० चा पहिला झेड फ्लिप आला तेव्हा हाच दोन लाखांचा आकडा सांगितला होता. रोज शंभर वेळा उघडला तरी पाच वर्षं पुरतो, हिशेब बरोबर आहे. पण घड्या यंत्राने घातलेल्या. यंत्राच्या हाताला घाम येत नाही, बोटात अंगठी नसते, नखं वाढत नाहीत आणि ते गड्ड्याला जात नाही. आतला पडदा कागदासारख्या पातळ काचेचा, वर प्लास्टिकचा पापुद्रा. तुझ्या नखाची खूण बघ इथे."

ती खूण तिला आधीच माहीत होती. तिने बोटाने ती झाकली.

"बाहेरच्या छोट्या पडद्यावर एक मेसेज लिहून दाखव."

तिने प्रयत्न केला. मराठी अक्षरांचा कळफलक उघडला आणि त्यानेच सगळी खिडकी भरून टाकली. लिहिलेलं कुठे दिसेना. जोडाक्षर बसलं की नाही हे बघायला तिने फोन उघडला, दोन हातांनी. बॅटरीचंही तेच. फोनचे दोन भाग म्हणून बॅटरीचे दोन तुकडे, जागा कमी. दुपारी चारला तिला चार्जर शोधावा लागतो, हे तिने स्वतःच कबूल केलं.

"तुमच्या शेजारच्या वहिनी विड्या वळतात," मी म्हणालो. "मांडीवर सूप, एका हातात पान, दुसऱ्यात दोरा. बटणांचा साधा फोन भिंतीला टेकवून ठेवतात. वाजला की कोपराने हिरवं बटण दाबतात, स्पीकर चालूच असतो. हजार विड्यांची मोजणी चुकत नाही. माझ्या मते तो उत्तम फोन. दिसायला काही नाही."

इथे ती पहिल्यांदा चिडली.

"दिसणं म्हणजे काम नाही, असं कोणी सांगितलं तुला? सोलापुरी चादरीवरचा मोर काढून टाक. ऊब तेवढीच राहील. घेईल कोण? तुझा बाप त्या मोरासाठी आयुष्यभर मागापुढे उभा राहिला. वहिनींना विचारलंस का कधी, त्यांना कसला फोन आवडतो? गरिबाला शोभेचं काय करायचं, हे तुम्ही ठरवणार. पासष्टीला आले मी. एक वस्तू मला सुंदर वाटली म्हणून घेतली. त्याची लाज वाटून घेऊ?"

"नको. लाज फोन बनवणाऱ्याला वाटायला हवी." मी शब्द शोधत होतो. "आत्या, चादरीतला मोर विणीतच असतो. जॅकार्डवर उभ्या-आडव्या धाग्यांतूनच तो उमटतो. उलटी केली तर मागेही मोर, रंग तेवढे उलटे. मोर आहे म्हणून चादर तिथे फाटत नाही. तीस वर्षं धुतलेली चादर बघ, मोर आणि चादर बरोबरच विरतात. तुझा फोन जिथे सुंदर आहे तिथेच मोडतो. ती घडी, ती बिजागरी, तीच शोभा आणि तीच दुखरी जागा. साडीची घडी तू बदलतेस. याची बदलता येत नाही. पाच वर्षं, दोन लाख वेळा, एकाच रेघेवर."

ती काही बोलली नाही. फोन हळूच मिटवला, परत उघडला. तो तिरका धरला की घडीची रेघ उजेडात दिसत होती.

तसं बघितलं तर माझं म्हणणं इथे संपलं होतं, आणि दुसरा कोणी असता तर पडदा बदलायला किती लागतील हा हिशेब मांडून मोकळा झालो असतो. हिशेब वाईटच होता. आतला पडदा बदलायचा तर चांगला साधा फोन येईल एवढे पैसे. पण तिचा खिशाचा मुद्दा माझ्या डोक्यात रुतून बसला होता. फोन लांब झाले, बायकांच्या कपड्यांना खिसे नाहीत, मग त्यांनी नाजूक बिजागरीचा महागडा फोन घ्यायचा आणि धूळ सांभाळायची. ही कोणाची चूक?

"एक विचारू? तू मुलींचे गणवेश शिवतेस. सलवार-कुर्ता. त्यांना खिसा असतो?"

"नाही."

"मुलांच्या पँटीला?"

"दोन बाजूचे, एक मागचा." ती थांबली. "शाळेकडून येणाऱ्या कागदावर जसं असतं तसं शिवते मी. मुलींच्या कुर्त्याला खिसा कधी लिहिलेलाच नसतो. खिसा म्हणजे नगाला जास्तीचं कापड, दोन कटिंग, तोंडाला पट्टी, दोन्ही कोपऱ्यांना बारटॅकचे घट्ट टाके. बारटॅक न घालता चालत नाही, हात रोज तिथेच जातो, तिथूनच उसवतं. दीड हजार नगांना हिशेब कर. दर ठरलेला, तो वाढवून कोणी देत नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"काय?"

"हात रोज कुठे जातो ते. उसवतं कुठे ते."

बराच वेळ गेला. बाहेर एक रिक्षा थांबली आणि निघून गेली. आत्याने पदराने कपाळ पुसलं.

"अठ्ठावीस वर्षं शिवतेय," ती म्हणाली. "दिसायला नीटनेटका, पोटावर सरळ पडणारा कुर्ता हवा असतो सगळ्यांना. खिसा लावला की बाजू फुगते म्हणतात. पोरी रुमाल मुठीत धरतात, पैसे कंपासपेटीत ठेवतात. पाळीच्या दिवसांत काय करत असतील." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मीही पाळलीच की तशी पद्धत. ज्याने पैसे दिले त्याला विचारलं, जी घालणार तिला नाही विचारलं."

मी बिजागरी उघडून साफ केली. ब्लोअर मारला, बारीक चिमट्याने सूत काढलं, सुताचा एक गोळाच निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. आवाज गेला. हिरवी रेघ राहिली. ती वाढेल हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तरीही तिने फोन बदलायला नकार दिला. रेघ सगळ्या पडद्यावर पसरेपर्यंत वापरीन म्हणाली. मी वाद घातला नाही. खोलीत सूत उडत असेल तेव्हा तो पिशवीत ठेव एवढं मात्र बजावलं, आणि तिने ते ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करून मी तिच्याकडे गेलो. शाळा पंधरा जूनला उघडतात, एप्रिल-मे म्हणजे तिच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. मशिनी चालू होत्या. कटिंगच्या टेबलावर मास्तर मुलींच्या कुर्त्याचा पुठ्ठ्याचा साचा समोर ठेवून उभे होते आणि आत्या खडूने बाजूच्या शिवणीवर खूण करत होती. आडवी, कमरेच्या थोडी खाली.

"एकच नमुना," ती मला म्हणाली. "मुख्याध्यापिकेला दाखवते. नाही म्हणाल्या तर नाही."

नमुना शिवून झाला तेव्हा तिने बटव्यातून फोन काढला, मिटलेला, आणि खिशात सरकवला. बरोबर बसला. मग तिने माझ्याकडे हात पसरला. मी माझा फोन दिला. तो अर्धाच आत गेला, वरचा भाग बाहेर वाकून राहिला.

"दोन इंच खोल घ्या," तिने मास्तरांना सांगितलं.

"कापड वाढेल बाई."

"कापडाचं मी बघते. कोपऱ्यांना बारटॅक दुहेरी घाला."